पिकल्या केळ्यांचा वास

थंडीच्या दिवसांत आमच्याकडे खोबरेल तेलाची बाटली सकाळी ओट्याच्या कडेला उन्हात ठेवलेली असते. मी वस्तीवर राहायला आले त्या पहिल्या थंडीत एकदा वहिनी ती बाटली हातात घेऊन माझ्यासमोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "वन्सं, एक इचारू का? तुमी कॉलेजात शिकवता तरी काय?"

"रसायनशास्त्र."

"ते म्हाईत हाय. पर त्यात असतं काय?"

मी इतकी वर्षं अकरावी-बारावीला शिकवत होते, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. पोरं एवढंच विचारतात की हे परीक्षेला आहे का. मी बाटलीकडे पाहिलं. उन्हाच्या बाजूचं तेल पातळ झालं होतं आणि सावलीकडचं अजून पांढरं होतं. त्या पांढऱ्याची कड हळूहळू आत सरकत होती, आणि आम्ही दोघी बोलायचं सोडून तेच बघत बसलो.

भाऊ आदल्या पावसाळ्यात गेला होता. शेतातून आला, पाणी मागितलं, वहिनी तांब्या घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. त्यांची मुलगी लग्न होऊन कोल्हापूरकडे असते. मी बिनलग्नाची, श्रीरामपूरला भाड्याच्या खोलीत राहून तिथल्याच एका ज्युनिअर कॉलेजात शिकवणारी. दिवसकार्य झाल्यावर मी आणखी चार दिवस राहिले. मग दिवाळीपर्यंत राहिले. मग बेलापूरच्या पुढच्या आमच्या वस्तीवरून रोज स्कूटीवर कॉलेजला जायला लागले. "मी इथेच राहते" असं मी म्हटलं नाही आणि "राहा" असं वहिनींनी म्हटलं नाही. खोलीची किल्ली माझ्या पर्समध्ये तशीच होती.

आम्ही दोघी फार बोलत नसू. भावाविषयी तर अजिबातच नाही. म्हणून त्या दिवशी वहिनींनी आपणहून काही विचारलं याचंच मला बरं वाटलं.

"हे तेल गोठतं," मी म्हणाले, "आणि तुमच्या डब्यातलं करडईचं गोठत नाही. असं का, हे त्यात असतं."

"का असतं मग?"

समोरच्या रस्त्याने उसाची ट्रॉली चालली होती. मी म्हणाले, "ऊस सरळ असला की ट्रॉलीत कसा घट्ट रचता येतो. वाकडा असला की कितीही दाबा, मधे फट राहते. तेलाच्या प्रत्येक कणाला तीन लांब शेपट्या असतात. खोबरेलाच्या शेपट्या सरळ, त्या थंडीत एकमेकींना चिकटून बसतात, की झालं घट्ट. करडईच्या मधेच वाकलेल्या. त्यांना जवळ बसताच येत नाही, म्हणून ते पातळच राहतं."

वहिनींनी ट्रॉली दिसेनाशी होईपर्यंत तिच्याकडे पाहिलं. "आन् त्या तीन शेपट्या धरून कोन ठिवतं?"

"ग्लिसरीन. औषधाच्या दुकानात मिळतं तेच. ते अल्कोहोलच्या जातीचं, आणि शेपट्या आम्लाच्या. आम्ल आणि अल्कोहोल अशी दोन जातींची माणसं एकत्र आली की दोघांमधून थेंबभर पाणी बाहेर पडतं आणि ती जोडली जातात. त्या जोडीला एस्टर म्हणायचं. तेल म्हणजे एस्टर, तूप म्हणजे एस्टर. लहान एस्टर असला तर त्याला वास असतो, फळांचा. अननसाचा, संत्र्याचा, केळ्याचा."

"फळ नसताना?"

"फळ नसताना. काचेच्या नळीत."

"आनून दाखवा येकदा," वहिनी म्हणाल्या आणि पातळ झालेलं तेल तळहातावर ओतून घेऊन आत गेल्या.

ते आणून दाखवायचं राहून गेलं. दुसऱ्या वर्षी वहिनींनी विहिरीजवळच्या तुकड्यात कांद्याचं बी धरलं. निवडलेले कांदे पुन्हा जमिनीत लावायचे. त्यांना कमरेएवढे पोकळ दांडे येतात आणि दांड्याच्या टोकाला पांढऱ्या फुलांचा चेंडूसारखा गोंडा. पण त्या फुलांवर माशी फिरली नाही तर बी भरत नाही, आणि आमच्या भागात फवारण्यांमुळे माश्या राहिल्या नाहीत. वहिनी कुठल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आल्या. येताना टेम्पोत मधमाश्यांच्या पेट्या घेऊन आल्या आणि त्यांनी त्या बांधावरच्या लिंबाच्या सावलीत ओळीने मांडल्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी भावाला न विचारता एवढी मोठी वस्तू आणली नसेल. पेट्या उतरवून झाल्यावर त्या बराच वेळ तिथेच उभ्या होत्या, पदर तोंडाला लावून.

मला माश्यांची भीती वाटायची. सुरुवातीला मी विहिरीच्या पलीकडूनच बघायची. मग थोडी जवळ गेले, आणि जानेवारी संपता संपता असं झालं की कॉलेजातून आल्यावर स्कूटी लावायची, चपला काढायच्या आणि सरळ पेट्यांजवळच्या धोंड्यावर जाऊन बसायचं. ऊन तिरपं झालेलं असे. सगळा तुकडा पांढरा, आणि त्यावर सोन्याची धूळ उडाल्यासारख्या माश्या. त्यांचा आवाज एकसारखा येतो असं वाटतं, पण थोडा वेळ बसलं की तो वर जातो, खाली येतो, लांबच्या खोलीत पुष्कळ माणसं हळू आवाजात बोलत असावीत तसा. मला कधी कधी त्यात आमच्या लहानपणचं घर ऐकू यायचं. भाऊ आणि मी माळ्यावर झोपायचो, खाली मोठी माणसं बोलत असायची, शब्द कळायचे नाहीत. तसं ऐकता ऐकता डोळे मिटायचे. एखादी माशी मनगटावर उतरून चालत जायची आणि उडून जायची. वहिनी चहा घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "वळखाय लागल्या तुमाला."

मला ते खरं वाटायचं.

फेब्रुवारीत बारावीची प्रात्यक्षिकं होती. शेवटच्या तुकडीला मी नेहमीप्रमाणे एस्टर करून दाखवला. परीक्षानळीत आयसोअमाइल अल्कोहोल, त्यात अॅसेटिक आम्ल, तीव्र सल्फ्युरिक आम्लाचे थेंब, मग नळी गरम पाण्यात. थोड्या वेळाने ते सोड्याच्या पाण्यात ओतलं की फसफसतं, आणि एकदम सगळ्या प्रयोगशाळेत पिकल्या केळ्यांचा वास. दरवर्षी त्या क्षणी मुलं हसतात. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतं, "मॅडम, शिकरण." त्या दिवशीही म्हटलं.

मला वहिनींचं बोलणं आठवलं. पाण्यावर तरंगणारा थर मी ड्रॉपरने काढून रबरी बुचाच्या एका छोट्या बाटलीत भरला. बाटली रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली. घरी जाऊन त्यांच्या नाकाशी धरायची आणि विचारायचं, सांगा कशाचा वास. एवढ्याशा गोष्टीचा मला इतका आनंद झाला होता की रस्ताभर मी मनातल्या मनात तेच संभाषण घोळवत होते.

त्या रस्त्याला खड्डे फार. बूच कुठे निघालं ते मला कळलं नाही. पर्स गळ्यात अडकवून मांडीवर आडवी घेतलेली होती, साडीच्या निऱ्या ओल्या झाल्या होत्या, तेही कळलं नाही. दुपारभर त्या वासात वावरल्यावर नाक तो वास सांगायचं बंद करतं. वस्तीवर पोहोचले तेव्हा वहिनी घरात नव्हत्या. मी रोजच्यासारखी धोंड्यावर जाऊन बसले.

आधी आवाज बदलला. तो खालच्या सुरातला आवाज एकदम बारीक आणि ताठ झाला. मी डोळे उघडले तर पेटीच्या तोंडाशी माश्यांचा घोस लोंबत होता. पहिली माशी भुवईवर चावली. मी हात वर केला आणि मग काही कळेनासं झालं. केसांत, मानेवर, हातांवर, सगळीकडून एकदम. डोळ्यांपुढे पांढरं दिसत होतं आणि ते पांढरं म्हणजे फुलं की आणखी काही ते समजत नव्हतं. मी ओरडले असेन. वहिनी विहिरीकडून आल्या. त्यांच्या तोंडावर जाळी नव्हती की हातात मोजे नव्हते. त्यांनी ओलं गोणपाट माझ्या डोक्यावरून टाकलं, माश्यांनी भरलेली माझी पर्स ओढून लांब फेकली आणि मला कवेत धरलं.

"हात हलवू नका. तोंड झाका. चला, मी हाय."

गोणपाटाच्या आतून मला फक्त त्यांची पावलं दिसत होती. त्या पावलांमागून मी घरापर्यंत गेले.

दार लावून घेतल्यावर त्यांनी मला खाटेवर बसवलं आणि आपलं एटीएम कार्ड काढलं. नांगी चिमटीत धरून ओढायची नाही, विष आत उतरतं. कडेने खरवडून काढायची, असं प्रशिक्षणात सांगितलेलं होतं. त्या एकेक नांगी खरवडत होत्या आणि मी बघत होते की त्यांच्याही मनगटावर, गळ्यावर गांधी उठल्या आहेत.

मधेच त्या थांबल्या. "तुमच्या अंगाला पिकल्या केळ्यांचा वास येतोय."

"बाटली सांडली असेल. तुमच्यासाठी आणली होती. तो एस्टर."

बेलापूरहून डॉक्टर आले, त्यांनी इंजेक्शन दिलं. संध्याकाळी माझा एक डोळा पूर्ण मिटला होता आणि ताप चढत होता. दुखण्यापेक्षा मला वाईट कशाचं वाटत होतं ते मी कुणाला सांगू शकले नसते. पन्नाशीला आलेली, विज्ञान शिकवणारी बाई मी, आणि माझ्या मनात एवढंच येत होतं की ह्या माश्या मला ओळखत होत्या, मग त्यांनी असं का केलं.

तापात मी कुठे कुठे फिरून आले. एक लांब केळीची बाग होती, पानांतून हिरवा उजेड पडत होता आणि भाऊ पुढे चालत होता. मी त्याला हाक मारत होते. तो मागे वळून म्हणत होता, हळू, हळू बोल, त्यांना ऐकू जाईल. मग ती बाग प्रयोगशाळा झाली आणि सगळ्या नळ्यांमधून पांढरी फुलं वर आली.

डोळा किलकिला झाला तेव्हा उजाडलं होतं. खिडकीतून कोवळं ऊन आलं होतं आणि वहिनी माझ्या खाटेजवळ वाकून उभ्या होत्या. त्यांनी आपलं बोट माझ्या नाकाजवळ धरलं होतं.

"वास घ्या."

मला वाटलं, हेही तापातलंच.

"घ्या तर खरं. लवकर, जाईल न्हाई तर."

मी वास घेतला. अगदी पुसट, पण तोच. पिकलं केळं.

"कालचाच असेल," मी म्हणाले.

"न्हाई. मी आंघूळ करून, दुसरं लुगडं नेसून पेट्या बघाय गेल्ते. शांत हुत्या. येकच चावली, बोटाला. तिची नांगी काढताना वास आला. म्हनून पळत आले." वहिनी खाटेच्या कडेला बसल्या. "मी तुमच्या कॉलेजात गेले न्हाई, त्या बाटलीला शिवले न्हाई. मग माशीला केळ्याचा वास कुठनं?"

मी उठून बसले. भिंत थोडी फिरली. मी मोबाईल मागून घेतला आणि एका डोळ्याने वाचायला लागले. वाचायला वेळ लागला नाही. माशी डंख मारते तेव्हा नांगीजवळून एक वास सोडते. तो इतर माश्यांना सांगतो की इथे धोका आहे, इथे या. त्या वासात जे मुख्य असतं त्याचं नाव माझ्या फळ्यावर दरवर्षी लिहिलेलं असतं. आयसोअमाइल अॅसिटेट. पोरं ज्याला शिकरण म्हणतात ते.

मी ते वहिनींना वाचून दाखवलं, मग साध्या भाषेत सांगितलं.

"म्हंजी तुमी बाटलीभर बोंब घिऊन बसला हुता तिथं," त्या म्हणाल्या.

मला हसू आलं, आणि सुजलेल्या ओठामुळे हसताही येईना. वहिनीही हसल्या. भाऊ गेल्यानंतर त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"त्या पर्सवर कालच्यापेक्षा आता कमी हायेत," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. "काल तुमच्यामागं आल्या त्याच्याहून जास्त त्या पर्सवर बसल्या हुत्या. मला तवाच काय तरी इचित्र वाटलं. तुमच्यावर चिडल्या न्हवत्या त्या."

"नाही."

"मग बरं."

त्या उठल्या नाहीत. पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत बसल्या. बाहेर कुणाची तरी मोटर सुरू झाली आणि पाटातून पाणी जायला लागल्याचा आवाज आला.

"मला राच्च्याला वाटलं," त्या म्हणाल्या, "तुमी आता जाल."

"कुठे?"

"खोलीवर. श्रीरामपूरला. म्हनलं, माझ्या पेट्यांपायी झालं ह्ये. आता ह्या कशाला ऱ्हातील. मी तर पेट्या इकायचं बी मनात धरलं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. डोळ्यांखाली काळं झालं होतं. मनगट सुजून बांगड्या रुतल्या होत्या, आणि त्यांनी त्या काढल्या नव्हत्या.

"वहिनी, पेट्या विकू नका," मी म्हणाले. "आणि मी कुठे जात नाही. मला वाटायचं, तुम्हाला माझी अडचण होत असेल. तुम्ही कधी काही बोलला नाहीत."

"तुमी तरी कुठं बोल्ला?"

एवढंच आमचं बोलणं झालं. मग मी साबण लावून त्यांच्या बांगड्या उतरवल्या. दोघींनी चहा घेतला. ताप उतरल्यावर पुढच्या आठवड्यात मी श्रीरामपूरची खोली रिकामी केली. सामान फार नव्हतं. पुस्तकं, एक कपाट, आणि दोघांना पुरतील एवढी भांडी. टेम्पोतून ते उतरवताना वहिनींनी कपाट कुठे ठेवायचं ते आधीच झाडून ठेवलं होतं.

पेट्यांकडे मात्र मला लगेच जाता आलं नाही. पाय तिकडे वळायचे आणि विहिरीशी थांबायचे. वहिनींनी मला सांगितलं नव्हतं, पण धोंड्याखालच्या मेलेल्या माश्या त्यांनी झाडून बांधाशी पुरल्या होत्या. चावलेली माशी जगत नाही. माझ्या एका बाटलीपायी किती गेल्या असतील याचा विचार करायचा नाही म्हणायची आणि तोच यायचा. एका संध्याकाळी वहिनी जाळी घेऊन आल्या, माझ्या तोंडावर बांधली आणि माझा हात धरून मला तिथवर घेऊन गेल्या. मी साबणाशिवाय नुसत्या पाण्याने आंघोळ केली होती, केसांना तेलही नव्हतं. आम्ही दोघी उभ्या राहिलो. माश्या आमच्याकडे लक्ष न देता ये-जा करत होत्या, पायांना पिवळे परागाचे गोळे लावून. जाळीतून सगळं तुकड्या-तुकड्यांनी दिसत होतं आणि तो जुना, खालचा आवाज परत येत होता. हळूहळू माझी छाती धडधडायची थांबली.

उन्हाळा लागला तसे गोंडे वाळले, फुटून काळं बी दिसायला लागलं. ते कापायला बेलापूरच्या बायका आल्या. वहिनींनी जुनी, काळी पडलेली माश्यांची पोळी पातेल्यात वितळवून, फडक्यातून गाळून मेण काढलं होतं. थंड झाल्यावर त्याची पिवळी वडी निघाली. ती त्यांनी मला वास घ्यायला दिली. मधाचा, थोडा धुराचा.

"ह्ये बी तुमचंच का?" त्यांनी विचारलं.

"हेही एस्टर. पण आम्ल आणि अल्कोहोल, दोन्हीकडून लांब. इतकं लांब की त्याला उडता येत नाही, आणि बऱ्यापैकी तापवल्याशिवाय वितळत नाही."

त्यांनी वडी परत घेतली आणि जराशी चाकूने खरवडून करडईच्या तेलात टाकली. पातेलं गरम पाण्यावर धरलं. मेण आधी पारदर्शक झालं, मग दिसेनासं झालं. मी चमच्याने ढवळत होते. चुलीच्या उबेने आणि त्या वासाने डोळे जड होत होते. थोडं गार झाल्यावर ते लोण्यासारखं आळलं. वहिनींनी बोटावर घेऊन पाहिलं, म्हणाल्या, "जरा कडक झालं," आणि आणखी तेल घातलं.

दुपारी बायका भाकरी खायला घरापुढच्या झाडाखाली बसल्या तेव्हा वहिनी ती वाटी घेऊन गेल्या. एका म्हाताऱ्या बाईच्या टाचेला बोट शिरेल एवढ्या भेगा होत्या. तिने पाय पुढे करायला संकोच केला, म्हणाली, "राहू द्या, माती हाय." वहिनींनी तिचा पाय ओढून मांडीवर घेतला, धुतला आणि भेगांमध्ये ते मलम भरायला लागल्या.

"कशाचं हाय?" त्या बाईने विचारलं.

"मेनाचं आन् तेलाचं," वहिनी म्हणाल्या. "आमच्या वन्संनी केलंय. त्या शिकवतात कॉलेजात."

दुसरीचा पाय मी घेतला. सावली हलत होती, कापलेल्या गोंड्यांचा उग्र, कोरडा वास येत होता, आणि त्या बाया एकेक करून चपला काढत होत्या.